कळफलक आपल्या हातचा

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या परिसरात दिवसभर ठरावीक धाटणीचा मराठी मजकूर टाइप होत असतो. प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, भाडेकरार, हक्कसोडपत्र. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची नावे, मग मौजे, तालुका, गट नंबर, चतुःसीमा आणि शेवटी साक्षीदार. पक्षकार बदलतात, मिळकत बदलते, सांगाडा तोच राहतो. तो पुन्हा टाइप करायचा नसेल तर जुन्या फाइलीवरच नवी नावे चढवायची, ही सर्रास चालणारी युक्ती. ती धोक्याची आहे. मागच्या पक्षकाराचा गट नंबर नजरेतून सुटला, तर त्याची किंमत कोणा शेतकऱ्याला मोजावी लागते.

खरे तर हे काम संगणकालाच सांगता येते. ‘ऑटोहॉटकी’ ही विंडोजवरची मोफत प्रणाली २००३पासून उपलब्ध आहे. तिच्या साध्या मजकूर-फाइलीत एक ओळ लिहायची: दोन अपूर्णविराम, आपण ठरवलेली दोन-तीन अक्षरांची खूण, पुन्हा दोन अपूर्णविराम आणि पुढे हवा तो मजकूर. त्यानंतर खूण टाइप करून स्पेसबार दाबला की पूर्ण वाक्य उमटते. नाव आणि गट नंबर यांच्या जागा मात्र रिकाम्याच ठेवाव्यात. रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते, चुकीचे नाव भरत नाही. फाइल यूटीएफ-८ स्वरूपात जतन करावी, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. एवढेही नको असेल, तर वर्ड किंवा लिबरऑफिसमधले ऑटोकरेक्ट पुरेसे आहे.

इतकी साधी सोय मराठी माणूस क्वचितच वापरतो. याचे एक कारण इतिहासात आहे. इथे कळफलक कायम वरून आला आणि बोटांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचे, हाच शिरस्ता पडला. रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकयंत्रात मोजक्या कळांमध्ये पूर्ण आणि अर्धी अक्षरे बसवावी लागली. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. यंत्राची ती गरज होती. पुढे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये इन्स्क्रिप्ट मांडणी प्रमाण केली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. शिफ्टसह ‘क’चा ‘ख’, ‘ग’चा ‘घ’, ‘ल’चा ‘ळ’. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर. गुजराती किंवा कन्नड ‘क’सुद्धा त्याच कळीवर. भारतीय लिप्यांचा इतका नीट विचार करणारी दुसरी मांडणी नाही, हे ठामपणे सांगायला हवे. तरीही रेमिंग्टनवर हात बसलेल्या टंकलेखकाची वर्षानुवर्षांची कमाई फेकून द्यायला सांगणे अन्यायाचे आहे, आणि तशी गरजही नाही. कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटावे, हे संगणकावर एक फाइल ठरवते. ती बदलता येते.

बदलण्याची गरज किती खरी आहे, हे वकिलांच्या नावाआधी लागणाऱ्या ‘ॲड.’मध्ये दिसते. हे ‘ॲ’ दोन प्रकारे साठवले जाते. पूर्वी ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र चढवावा लागे. २००८मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत. ‘शेतकऱ्यांचे’, ‘व्यापाऱ्यांना’ यांतल्या ‘ऱ्य’चेही तसेच. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालतो. अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधात यांतले एक शोधले की दुसरे सापडत नाही. लासलगाव, निफाडच्या बाजारपेठा ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे शेतकरी आणि व्यापारी हे शब्द किती कागदांत येत असतील! त्यांतला एखादा कागद संगणकात असूनही शोधात हाती न लागणे, ही मराठीची मोठी हानी आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यातले. मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘कीबोर्ड लेआउट क्रिएटर’मध्ये चालू मराठी मांडणी उघडून ‘ॲ’ला हवी ती कळ देता येते, लिनक्सवर हेच काम ‘एक्सकेबी’च्या मजकूर-फाइलीत होते. जुन्या कागदपत्रांसाठी पायथनमधली चार-पाच ओळींची स्क्रिप्ट पुरते: जुना जोड शोध, प्रमाण अक्षर घाल, नव्या नावाने जतन कर. मूळ फाइल जपून ठेवायची. दुसऱ्याने दिलेली स्क्रिप्ट वाचल्याशिवाय चालवायची नाही, कारण अशी स्क्रिप्ट फाइली पुसूही शकते. कार्यालयाच्या संगणकावर आधी परवानगी घ्यायची.

राज्यात लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला तीस शब्दांचा वेग लागतो आणि टंकलेखन संस्था मुलांकडून तो घोटून घेतात. त्याच मुलांना कळफलकाची फाइल उघडून दाखवायला दोन-तीन तास पुरेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून नाशिकमध्ये आहे. घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी असा छोटा अभ्यासक्रम त्याने जरूर काढावा. आणि ज्यांनी आपल्या कामापुरती खुणांची यादी केली आहे, त्यांनी ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आजच द्यावी.