दोन खाटा

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, शेजारशेजारच्या खाटांवर दोन रुग्ण होते. दोघेही व्हेंटिलेटरवर. एक ऊसतोडीहून परतलेली तरुण बाई. न्यूमोनियाचा संसर्ग तिच्या रक्तात पसरला होता. दुसरा एक म्हातारा, जुलाब-उलट्यांनी पार सुकून शुद्ध हरपलेला. दोघांचाही वरचा रक्तदाब 80 च्या आसपास रेंगाळत होता.

बाईचा बाप बाहेर व्हरांड्यात बसून असे. भेटीच्या वेळी तो आत आला, तर सिस्टर म्हाताऱ्याच्या स्टँडला नवी बाटली अडकवत होत्या. लेकीच्या उशाशी नुसता औषधाचा पंप होता.

"साहेब, त्यांना सलाईन लावलं. माझ्या लेकीला का न्हाई? बीपी तर दोघांचं सारखंच म्हनतेत."

रागाने नव्हे, पोटतिडकीने विचारलं होतं. बीडच्या शेतकऱ्याचं आयुष्य पाण्याची वाट बघण्यात गेलेलं. पाणी नको असं कुणी म्हणेल, हे त्याच्या मनाला पटेना.

तरुण डॉक्टर म्हणाले, "बाबा, इथं थांबा आणि बघा."

सिस्टरांनी लेकीच्या खाटेची डोक्याकडची बाजू खाली केली, पाय 45 अंशांत वर उचलले. डॉक्टरांनी छातीवर प्रोब टेकवला आणि इकोच्या पडद्यावर नजर लावली. पाय वर गेले की त्यांतलं सुमारे 300 मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. एक थेंबही न देता सलाईनची परीक्षा होते. हृदयाला ते पेलणार असेल, तर मिनिटभरात हृदय पुढे टाकत असलेलं रक्त दहा टक्क्यांहून अधिक वाढतं.

लेकीचा आकडा जागचा हलला नाही. पाय खाली घेतले, रक्त पायांत परतलं.

"त्या आजोबांचे पाय उचलले तेव्हा आकडा चढला होता," डॉक्टर म्हणाले. "म्हणून त्यांना बाटली. हिला पहिल्याच दिवशी भरपूर सलाईन दिलंय. आता दिलेलं हृदय पुढं ढकलणार नाही, ते फुप्फुसात झिरपेल. हिचा रक्तदाब औषधानंच सावरायचा."

बाप लेकीच्या पावलांकडे बघत राहिला. त्याने अंगठ्याने घोट्याजवळ दाबलं. खळगा पडला, तो लवकर भरेना.

"चिबडलेल्या रानात पानी सोडू न्हाई, हे आम्हाला कळतंय साहेब. मानसाचं ठावं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचे पाय पुन्हा उचलले. या खेपेला त्याचाही आकडा हलला नाही आणि बाटली थांबली. त्याचा मुलगा व्हरांड्यात कुरकुरू लागला, तेव्हा त्याला समजावायला बाईचा बापच पुढे झाला. काही दिवसांनी लेकीच्या घशातली नळी निघाली.

आपल्याकडे बाटली चढवली की उपचार झाला, असं वाटतं. पण घेणाऱ्याला पेलतं का, हे आधी पाहण्यातही माया असते, आणि आज पेललं ते उद्या पेलेलच असं नाही. अतिदक्षता विभागात रक्तदाब घसरलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांनाच जादा सलाईनचा उपयोग होतो. तेव्हा आपलं माणूस आत असेल, तर आणखी एक बाटली लावा असा आग्रह धरू नका. आमच्या माणसाला ती पेलेल का, तपासलंत का, असं विचारा.