फोटो कोणाचा काढायचा?

॥ श्री गुरवे नमः ॥



जूनमध्ये आपण वस्तीत वह्या-दप्तरं वाटली, ते सगळ्यांना आठवत असेलच. आपल्या युवा सेवेकऱ्यांनी त्याचा दीड मिनिटाचा छान व्हिडिओ केला होता. ही सात-आठ मुलं. कोणी कॉलेजला जातं, कोणी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आहे, एक हिऱ्याच्या कारखान्यात, एक मुलगी एम्ब्रॉयडरीच्या खात्यात. आठवडाभर राबून रविवारी मोबाईल आणि एक स्टँड घेऊन येतात, सेवेचे व्हिडिओ करतात, ग्रुपवर टाकतात आणि त्यातून औषधांसाठी, वह्यांसाठी मदत जमते. त्या दिवशी एका मुलाला मीच म्हटलं होतं, "बाळा, दप्तर जरा वर धर, इकडे बघ, हस." तो हसला. फोटो छानच आला.

चार दिवसांनी त्याची आई मला भाजीबाजारात भेटली. आपल्याच खान्देशातली बाई. आवाज चढवला नाही तिने. एवढंच म्हणाली, "ताई, मना पोऱ्याना फोटू काब्र टाका तुम्ही?" शाळेत मुलं त्याला फुकट दप्तरवाला म्हणायला लागली होती. तो दप्तर न्यायचं नाही म्हणून अडून बसला होता, पिशवीत वह्या कोंबून जात होता. म्हणजे आपण दिलेली वस्तू आपल्याच फोटोमुळे त्याच्या उपयोगाची राहिली नाही.

मी घरी येऊन आधी मुलांवरच चिडले. मग लक्षात आलं की "हस" तर मीच म्हटलं होतं.

आपल्याकडे जुनं सांगणं आहे, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये. मी बैठकीत तेच म्हटलं, की बंद करा सगळं शूटिंग. तेव्हा एम्ब्रॉयडरीवाली मुलगी बोलली, आणि तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. "काकू, आपण आपल्या पाकिटातले देत असतो तर गुपचूप दिले असते. हे लोकांचे पैसे आहेत. कुठे गेले ते दाखवायला नको?" खरंच आहे. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकांच्या पैशातूनच, आणि तो पैसा त्यांनी हजारो माणसांसमोर कीर्तनात उभं राहून मागितला. गुपचूप नाही मागितला. आणि स्वतःसाठी एक झोपडीही बांधली नाही.

तेव्हा दाखवायचं की लपवायचं, हा प्रश्न मुळात नव्हताच. दाखवायचं काय, हा होता. दुकानाचं बिल दाखवा, वह्यांचे गठ्ठे दाखवा, उरलेली रक्कम दाखवा. हिशोबावर देणाऱ्याचा हक्क आहे. चेहऱ्यावर मात्र नाही, तो ज्याचा त्याचा.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. आपण पारायणात वाचतो आणि मनात धरून चालतो की आपलं दान सात्त्विकच. परतफेडीच्या आशेने दिलेलं ते राजस, हे पटकन समजतं. पण तामस दानात एक गोष्ट अशी आहे की तिच्यावरून माझी नजर नेहमी घसरून जायची : घेणाऱ्याचा मान न राखता दिलेलं. अमळनेरला प्रताप कॉलेजमध्ये बी.ए.ला आम्हाला कांट होता. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, असं त्याचं म्हणणं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. तीस वर्षांनी भाजीबाजारात त्याचा अर्थ कळला. त्या मुलाचं हसू आम्ही पैसे जमवण्याचं साधन केलं होतं.

आता दुसरी बाजू. चेहरे बंद केल्यावर मदत कमी झाली. मुलं हिरमुसली. एकजण म्हणाला, "मावशी, मान राखला, पण औषधाला पैसे कुठून आणायचे?" याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आजारी माणसाला औषध मोठं की मान, हे मी बाहेरून कसं ठरवणार? त्यालाच विचारायला हवं, आणि देण्याच्या आधी विचारायला हवं. हातात पिशवी ठेवून मग "फोटो चालेल ना?" विचारलं तर कोण नाही म्हणेल?

याच शोधात मुलांना रेडिओची माहिती मिळाली. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर गावी २००८ पासून 'संगम रेडिओ' चालतो, गावातल्या दलित बायका तो चालवतात. आपल्या साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे, आणि इथे गुजरातेत 'सेवा' संस्थेच्या बायकांचा 'रूडीनो रेडियो'. सरकारच्या २००६ च्या नियमांतच होतं की अशा केंद्राचे निदान निम्मे कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि शक्यतो तिथल्या बोलीत. मला हे फार आवडलं. तिथे गरीब माणूस दाखवायची वस्तू नाही, बोलणारा आहे.

आपल्याला परवाना, मनोरा काही झेपणार नाही. पण मुलांनी तीन मिनिटांचा ऑडिओ सुरू केलाय. वस्तीतली माणसं अहिराणीत, मराठीत, ओडियात स्वतः सांगतात : नळ कधी येतो, मनपाच्या दवाखान्यात कोणत्या वेळी जायचं, मिलमध्ये हात भाजला तर आधी काय करायचं. एका आजीने कळण्याची भाकरी सांगितली, ती सगळ्यात जास्त ऐकली गेली! मदतीचं आवाहन शेवटी, हिशोबासकट, नाव न घेता.

काही जण म्हणतात, ही मुलं लाईकसाठी येतात. येत असतील. मी तरी पहिल्यांदा केंद्रात कशाला आले होते? घरातून दोन तास सुटका मिळावी म्हणून. सेवा नंतर अंगी लागली. मुलांचे हेतू तपासायची घाई मला नाही.

तो फोटो आम्ही ग्रुपवरून काढून टाकला. कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये अजून आहे, देव जाणे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया डिलीट करावा. त्या ताईंकडे मी माफी मागायला गेले. त्यांनी चहा दिला, मुलगा मात्र आतून बाहेर आला नाही. ऑडिओत बोलाल का, असं मी विचारलं नाही. इतक्यात विचारणारही नाही.

पुढचं रेकॉर्डिंग रविवारी संध्याकाळी साडेचारला, आरतीच्या आधी. कोणाकडे जुना चालू माईक पडून असेल तर घेऊन यावा. आणि ज्या भगिनींना ओडिया समजतं त्यांनी जरूर यावं, लिहून घ्यायला माणूस कमी पडतंय.