पहिला चेहरा घरचाच

एचएसआर लेआउटला लागून असलेल्या अगरा तलावावर सुटीच्या सकाळी नवाकोरा कॅमेरा घेऊन कुणी येतं. पुण्या-नागपूरकडून नोकरीसाठी बंगळुरात आलेलं एखादं मराठी कुटुंबही असतं. समोर पाणपक्षी असतात, तरी पहिला फोटो निघतो तो बरोबर आलेल्या आईचा, बायकोचा, नाहीतर पोराचा.

ही ओढ कॅमेऱ्याइतकीच जुनी. 1840 मध्ये न्यूयॉर्कला जॉन विल्यम ड्रेपर यांनी बहीण डोरोथीला समोर बसवलं. उजेड उठून दिसावा म्हणून तिच्या चेहऱ्याला पीठ लावलं होतं असं सांगतात, आणि तिला मिनिटभर अजिबात न हलता बसायचं होतं. एवढा जाच घरचं माणूसच सोसतं.

दादासाहेब फाळक्यांचंही तेच. 1912 मध्ये लंडनहून मागवलेला विल्यमसन कॅमेरा दादरच्या घरी आला, तेव्हा त्याची चाचणी झाली ती आसपासच्या मुलामुलींवर. फिल्मला भोकं पाडायला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला. सर्वांत बोलका पुरावा मात्र 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आहे. त्यात बाळकृष्ण झालेली मंदाकिनी ही त्यांची मुलगी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती साध्या वेशात नुसत्या चेहऱ्यावरचे भाव बदलत राहते आणि मग पडद्यावरच तिचा कृष्ण होतो. कथेला याची काहीच गरज नव्हती. प्रेक्षकांना देव दाखवण्याआधी फाळक्यांना आपली लेक दाखवायची होती, असंच ते दृश्य पाहताना वाटतं. त्यात कारागिराचा अभिमान आहे आणि बापाचाही. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

आजच्या कॅमेऱ्यात डोळा ओळखून त्यावर फोकस धरण्याची सोय असते. चुका तरी होतातच. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिमीची लेन्स 18 वर ठेवून नवशिका अगदी जवळ जातो. नाक मोठं येतं, कान मागे पडतात. आई म्हणते, “माझं तोंड असं आहे का रे?” दोष अंतराचा असतो. चार पावलं मागे सरून 50 च्या आसपास झूम केलं, की चेहरा ओळखीचा होतो. हे ती बिचारी समोर ताटकळत बसलेली असतानाच उमगतं. “झालं का?” असं विचारून ती पोझ सोडते, तेव्हा खरा फोटो मिळतो.

म्हणून हे पहिले फोटो पुसण्याची घाई खटकते. तलावाकाठच्या बाकावर बसूनच लोक हललेले फोटो काढून टाकतात. पोरगं बापाकडे धावत आलं म्हणून फोकस चुकला असेल, तर ते धावत येणंच त्या फोटोत उतरलेलं असतं. पुढं हात बसल्यावर डोळे काटेकोर टिपता येतील; पण तोवर पोरगंही कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं ते शिकलेलं असेल.