बेडूक, आपल्या शेताचा राखणदार

मिसर देशावर आलेली बेडकांची पीडा आपल्या मंडळ्यांतील मुलांसही ठाऊक आहे. त्यामुळे बेडूक म्हणजे शापाचे चिन्ह, असे पुष्कळांच्या मनात बसले आहे. परंतु निर्गमाचा आठवा अध्याय पुढे वाचावा. बेडूक मेले, त्यांचे ढीग लागले, आणि मागून उवा व गोमाशा आल्या. ते देवाच्या न्यायाने झाले. आमच्या देशात मात्र मनुष्याने आपल्याच हातांनी तसे होऊ दिले.

बेडकांच्या तंगड्या येथून हजारो टन परदेशी जात. पावसाळ्याच्या रात्री दिवे घेऊन गरीब लोक त्यांस खाचरांतून धरीत व थोडक्या पैशांत विकीत. जो जीव फुकट किडे खातो तो विकावा आणि किड्यांसाठी विष विकत आणावे, हा कसला व्यवहार! १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. विष मात्र राहिले. बेडूक कातडीनेच पाणी घेतो व श्वासही घेतो. खाचरातील विष त्याच वाटेने त्याच्या अंगात शिरते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत बेडूक, भेक, सॅलॅमँडर इत्यादिकांच्या सुमारे ८००० जातींपैकी पाचांत दोन नाशाच्या वाटेवर आढळल्या. आंबोलीच्या जांभ्या दगडावरील डबक्यांत अंडी घालणारा लहानसा भेक, ज्याची ओळख शास्त्रज्ञांस २००९ साली पटली, तो मोटारींच्या चाकांखाली चिरडला जातो.

नोहाशी केलेला करार प्रत्येक सजीव प्राण्याशीही होता. म्हणून येत्या मृगात आपल्या वाडीतील तरुण बत्ती व पोते घेऊन खाचराकडे निघाले, तर मंडळीच्या वडिलांनी त्यांस वाटेतच थांबवावे, ही आमची विनंती.