पुढची एक ओळ

गणिताचा गृहपाठ घेऊन बसलेल्या मुलाकडे जरा बघावं. गणित दोनदा वाचून झालेलं असतं, पेन्सिलीचं टोक दातात असतं आणि वही कोरीच. "मला येत नाही," असं ते म्हणतं. खरं तर त्याला उत्तर दिसत नसतं, एवढंच. चांगल्या बाई अशा वेळी म्हणतात, "उत्तराचं राहू दे. काय दिलंय ते आधी लिही." मग कच्ची आकृती निघते. समद्विभुज त्रिकोण, माथ्याचा कोन 40 अंश, खालचे दोन कोन काढायचेत. सारख्या बाजूंवर बारीक खुणा होतात. 40 लिहिलं की 180 आठवतात. वजा केले की 140 उरतात. खुणा सांगतात, खालचे कोन सारखे. म्हणजे सत्तर-सत्तर. मूल स्वतःच चकित होतं, कारण यातलं काहीच नवं नव्हतं. कागदावर आलं नव्हतं, इतकंच.

बीजगणिताची गोष्ट तर आणखी मजेची. आईचं वय मुलाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर आज दोघांची वयं किती? इथे पहिली ओळ असते, 'समजा, मुलाचं वय क्ष'. जे ठाऊक नाही त्यालाच नाव देऊन कामाला लागायचं. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही एकाहून अधिक अज्ञात संख्या आल्या की त्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं देऊन गणितं मांडली. आपल्या गणितात आई 3क्ष. बारा वर्षं दोघांच्याही वयात मिळवायची, एकट्या आईच्या नाही. 3क्ष + 12 = 2क्ष + 24. क्ष बारा निघतो. मुलगा 12, आई 36. ताळा करून बघा: बारा वर्षांनी 24 आणि 48, बरोबर दुप्पट.

मोठेपणी आपण ही सवय सोडतो. वडिलांच्या नावावरचं वीजमीटर आपल्या नावावर करायचं असतं. विषय निघाला की, "बघू, मोठं झंझट आहे," म्हणत महिने जातात. तेच कागदावर मांडून बघा. हातात काय आहे? जुनं बिल, मृत्यूचा दाखला. हवं काय? नावात बदल. ठाऊक काय नाही? आणखी कोणते कागद लागतील ते. मग पुढची ओळ आपोआप येते: ऑफिसात जाऊन कागदांची यादी विचारणे. काम झालेलं नसतं, पण डोक्यावरचा भार निम्मा उतरतो. अबोला धरलेल्या बहिणीचंही तसंच. तिला नेमकं काय लागलं ते ठाऊक नाही, एवढं स्वतःशी कबूल केलं, की फोन करून काय विचारायचं तेही कळतं.

तेव्हा आज कामाला निघण्याआधी एखादं अडलेलं काम निवडा. काय आहे, काय हवं आहे, एवढं दोन ओळींत लिहा. मग फक्त पुढची एक ओळ, जी आजच्या आज करता येईल अशी. तिच्यानंतरची आत्ता सुचली नाही तरी चालेल. परीक्षेतही नुसत्या उत्तराला नाही, पायऱ्यांनाही गुण असतात. आणि पायरीपायरीने मांडलेल्या कामाचा एक मोठा फायदा असतो. कुठे चुकलंच, तर ती ओळ नेमकी सापडते. तेवढीच खोडायची, वरच्या ओळी तशाच राहू द्यायच्या आणि तिथून पुढे चालू लागायचं.