मीठ अळणी कीं जीभ?

सातारा व सांगलीकडील आमच्या वाचकांस 'अळणी' हा शब्द शिकवावयास नको. मूळ संस्कृत 'अलवण', म्हणजे ज्यांत लवण नाहीं तें. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांतही तो मिठावांचूनच्या अन्नासच लाविला आहे.

परंतु याच मुलखांत मटण शिजवितांना मिरची-मसाला घालण्यापूर्वीं जो पिवळा रस्सा निराळा काढितात, त्यास 'अळणी' म्हणतात. लेंकरांस व दुखणेकऱ्यांस तो देतात. त्यांत हळद असते, आलें-लसूण असतें, आणि मीठही असतें! मग तो अळणी कसा? तिखटास सरावलेल्या जिभेला नुसतें मीठ पुरेनासें झालें, इतकेंच. उलट जोंधळ्याच्या भाकरीच्या पिठांत बहुधा मीठ नसतें, तरी भाकरीस कोणी अळणी म्हणून नांवें ठेवीत नाहीं.

आमच्या मंडळ्यांत 'उपदेशकाचें भाषण अळणी आहे' अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. कधीं ती खरीही असते. ज्यानें आठवडाभर शास्त्र उघडिलें नाहीं, त्यानें प्रभूचें बेचव झालेल्या मिठाविषयींचें वचन (मत्तय ५:१३) आपणांस लावून घ्यावें. शुद्ध मीठ बेचव होत नाहीं; त्या देशचें मीठ मातीमिश्रित असे, ओलीनें खारटपणा निघून जाई व माती उरे, असा याचा उलगडा टीकाकार करितात.

परंतु दुसरीही एक गोष्ट आहे, व ती लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. 'नावडतीचें मीठ अळणी' अशी आपल्यांत म्हण आहे. अळणी मीठ कोणी पाहिलें आहे काय? दोष चाखणाराचा. उपदेशक कोणत्या वाड्यांतून आला, त्याच्या आजोबांस गांव कोणत्या नांवानें हाक मारी, हें मनांत धरून जो उपासनेस बसतो, त्याची जीभ आधींच ठरलेली असते. तोच मजकूर परगांवच्या पाहुण्यानें सांगितला कीं, तोंड भरून स्तुति! बाप्तिस्मा घेतलेल्या आम्हां लोकांकडून हें घडतें. आमच्या स्वतःच्या हातूनही घडलें आहे.

पुढें घरांत दुखणें येतें. पाहुणा आपल्या गांवीं गेलेला असतो, आणि उशाशीं येऊन बसतो तो हाच उपदेशक. त्याच्या त्या चार शब्दांत काय उणें होतें, हें मागाहून कोणी बोलून दाखवीत नाहीं.