कळल्यावरही दिसत राहणारं

वेदान्ताच्या वर्गात भ्रमाची दोन उदाहरणं शिकवावी लागतात, आणि ती एकच नाहीत हे मुलांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. पहिलं दोरी-सापाचं. अंधारात साप दिसला, दिवा आणला, दोरी निघाली. साप गेला तो गेलाच. दुसरं मृगजळाचं. पाणी दिसतं, ते पाणी नाही हेही कळतं, तरी दिसायचं थांबत नाही. पहिला भ्रम निरुपाधिक, दुसरा सोपाधिक. महाविद्यालयात मी हे शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "मॅडम, मग चित्र यातलं कुठलं?" इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला. त्याचं उत्तर मला शांकरभाष्यात सापडलं नाही. ते अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराकडे सापडलं.

ज्याँ-सिमेओं शार्दां हा पॅरिसचा. जन्म 1699, मृत्यू 1779. वडील सुतार, राजासाठी बिलियर्डची टेबलं बनवायचे. 1728 मध्ये तो राजाश्रयाच्या चित्रकला अकादमीत दाखल झाला. त्या अकादमीत चित्रांचीही उतरंड असे. पुराणकथा, बायबल आणि इतिहास सगळ्यात वर. भांडी, फळं, मेलेली सावजं सगळ्यात खाली. शार्दां त्या खालच्या पायरीवरून आत आला आणि पुढे घरगुती प्रसंगांकडे वळला: साबणाचे फुगे उडवणारा मुलगा, पत्त्यांचा बंगला रचणारा मुलगा, भाजी सोलणारी मोलकरीण.

या चित्रांतल्या युक्त्या नीट पाहाव्यात. फुगेवाला मुलगा खिडकीच्या दगडी कठड्यावर असा रेलला आहे, की त्याचं कोपर चौकटीतून आपल्या बाजूला आल्यासारखं वाटतं. वॉशिंग्टनला असलेल्या 1737 च्या पत्त्यांच्या बंगल्यात टेबलाचा खण अर्धवट उघडा आहे, थेट पाहणाऱ्याच्या पोटाच्या उंचीवर. फुगा फुटणार, बंगला कोसळणार, हा संसाराच्या अनित्यतेचा जुना ख्रिस्ती उपदेश तिथे आहेच. मला मात्र तो खण जास्त बोलका वाटतो. क्षणभंगुर गोष्ट मधोमध ठेवायची आणि तिच्याभोवतीचं लाकूड, दगड हाताला लागतील इतके घट्ट रंगवायचे, हा विचार केलेला बेत आहे.

या कलेवर सगळ्यात कडक आक्षेप फ्रान्समध्येच घेतला गेला होता, शार्दांच्या जन्माआधी. गणिती आणि धर्मचिंतक पास्काल याची टिपणं 1670 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्यांत तो म्हणतो त्याचा आशय असा: मूळ वस्तूचं आपल्याला काडीचं कौतुक नसतं, आणि तिच्यासारखं दिसणाऱ्या चित्राची मात्र आपण वाहवा करतो, केवढा हा पोकळपणा! हा आक्षेप धार्मिक आहे. डोळा देवाकडे जायचा तो सारखेपणात अडकला, हे त्याचं दुखणं. ते मी हलकं मानत नाही. आपल्याकडेही मायेबद्दलचं सगळं बोलणं या भीतीतूनच आलं आहे.

त्याचं उत्तर पास्कालच्याच गुरुस्थानी असलेल्या संत ऑगस्टीनने तेराशे वर्षं आधी देऊन ठेवलं होतं. स्वतःशीच संवाद करत लिहिलेल्या त्याच्या एका ग्रंथात तो विचारतो, रंगवलेला घोडा खोटा घोडा नसेल तर ते चित्र खरं चित्र कसं ठरेल? नट खोटा हेक्टर झाल्याशिवाय खरा नट कसा होईल? म्हणजे काही गोष्टी एका बाजूने खोट्या असतात म्हणूनच दुसऱ्या बाजूने खऱ्या ठरतात. ज्याला फसवायचंच असतं तो, आणि जो सोंग घेतो पण फसवू पाहत नाही तो, असे दोघे ऑगस्टीन वेगळे करतो. माझ्या मते या कलेचा न्याय याच भेदावर व्हायला हवा.

शार्दांचं 'ऑलिव्हची बरणी' हे 1760 चं चित्र मी लूव्रमध्ये पाहिलं. 1757 पासून शार्दांचं बिऱ्हाडच लूव्रमध्ये होतं. चित्र जिथल्या रहिवाशाने काढलं त्याच वास्तूत आज टांगलेलं आहे. काचेची बरणी, पाण्यातले हिरवे ऑलिव्ह, वाइनचे दोन अर्धे पेले, कडू संत्रं, बिस्किटं. मी पुढे पुढे सरकत गेले. हातभर अंतरावर संत्रं नाहीसं झालं आणि खरबरीत, एकावर एक लिंपलेले रंगाचे थर उरले. पहारेकऱ्याने हाताने खूण केली, मी मागे सरले, आणि बरणी पुन्हा भरली. शार्दांच्याच काळातला फ्रेंच लेखक दिदरो याने 1763 च्या प्रदर्शनाबद्दल लिहिताना शार्दांच्या चित्रांविषयी हेच नोंदवलं आहे: जवळ गेलं की सगळं विस्कटतं, दूर झालं की नव्याने घडतं. पक्ष्यांनी द्राक्षांवर चोची मारल्याच्या जुन्या ग्रीक कथेचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. पशुपक्षी फसले यात काय मोठंसं; शार्दां तुम्हाआम्हाला चकवू शकतो, असा त्याचा रोख.

त्या विद्यार्थिनीचं उत्तर इथे आहे. दोरीजवळ गेलं की साप संपतो. मृगजळाजवळ जाताच येत नाही. आपण चाललो की ते पुढे सरकतं. चित्राजवळ जाता येतं, भ्रम आपल्या पायांनी मोडता येतो आणि आपल्याच पायांनी परत उभा करता येतो. वेदान्ताच्या दोन्ही खणांत ते बसत नाही. इथे ज्ञान आणि भास एकमेकांना मारत नाहीत, आणि कळल्यावर आपण पाठ न फिरवता पुन्हा तिथेच उभे राहतो. पास्काल म्हणतो ती मूळ वस्तू आपण कधी पाहिलेलीच नव्हती. संत्रं दिसलं की सोलायला घेतलं, एवढंच.

पुढच्या पिढ्यांत लुई-लेओपोल्द ब्वायी (1761–1845) झाला. पॅरिसच्या रस्त्यांची, बैठकीच्या खोल्यांची सुरेख चित्रं काढणारा हा माणूस डोळ्यांच्या चकव्यातही निष्णात. लील शहरातल्या संग्रहालयात त्याचं एक छोटं टेबल आहे. वर पसरलेली नाणी आणि पत्ते सगळे रंगवलेले. मन रमवायला ते छान आहे. पण 1812 मध्ये त्याने लाकडी क्रूसावरचा हस्तिदंती ख्रिस्त असाच रंगवला, भिंतीवर खरोखर टांगलेला वाटेल असा. इथे प्रश्न वेगळा होतो. त्याच्यापुढे गुडघे टेकता येतील का?

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये कॅथलिकांसाठी ठरवून दिलं होतं, की प्रतिमेत स्वतःत देवत्व नाही. तिला दिलेला मान मूळ रूपाला पोचतो. हे आम्हाला परकं नाही. आमच्या घरी पेणहून गणपती यायचा. ती शाडूची माती आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. म्हणून तर प्राणप्रतिष्ठा करायची, आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती पाण्यात सोडायची. मूर्ती कुणाला फसवत नाही. ती आपण मूर्ती असल्याचं लपवत नाही, आणि त्यामुळेच तिच्यापुढे हात जोडता येतात. ब्वायीचा क्रूस मात्र आपलं चित्रपण लपवतो. हस्तिदंत खरं आहे का, हे बोटाने चाचपावंसं वाटतं, आणि मन ख्रिस्तापर्यंत न जाता तिथेच थांबतं. मी त्याला पाप म्हणणार नाही. प्रार्थनेला ती जागा नाही, एवढं ठामपणे म्हणेन.

याच्याशेजारी शार्दांची 'जेवणाआधीची प्रार्थना' ठेवावी. ती 1740 मध्ये पंधराव्या लुईला भेट दिली गेली आणि आज लूव्रमध्ये आहे. आई वाढायला वाकली आहे, धाकटं पोर हात जोडून पुटपुटतंय, त्याच्या खुर्चीला खेळण्यातला ढोल लटकला आहे. देव चित्रात कुठेच नाही. आईची नजर पोराचे शब्द बरोबर येतायत ना, याकडे आहे. ही प्रार्थना रंगवलेली आहे, खरी नाही, आणि शार्दां ते कुठेही लपवत नाही. तरी तिच्यापुढे उभं राहिल्यावर माझं मन ब्वायीच्या क्रूसापेक्षा जास्त नम्र झालं.

छापील पानावर किंवा मोबाइलवर चित्राचं हे मोडणं-घडणं अनुभवता येत नाही, कारण तिथे अंतर दुसऱ्याने ठरवलेलं असतं. पॅरिसला जाणं झालं तर लूव्रमधल्या शार्दांच्या या दोन चित्रांसाठी वेळ राखून ठेवा. आधी जवळ जा, मग मागे सरा, आणि हे निदान दोनदा करा.